लाईन म्हणजे कोणती लाईन?



आज मी तुम्हाला एका इंग्रजी शब्दाची माहिती सांगणार आहे. तो शब्द आहे ‘लाईन’. तुम्ही म्हणाल, यात काय सांगायचे? लाईन तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही तसेच वाटत होते. पण या एका शब्दामुळे आमच्या घरी फार वाईट होता होता राहिले. म्हणून मी ही माहिती गोळा केली. लेख जरा मोठा झाला आहे, पण उभ्या उभ्या का होईना, शेवटपर्यंत वाचावा ही विनंती.

वावरातली गोष्ट

आमच्या वावरात विहीर आहे. विहिरीत पाणबुडी मोटार आहे. ती पाण्याच्या आत असते, त्यामुळे तिचा आवाज वर येत नाही. मोटारीची पेटी लांब, खांबाजवळच्या टिनाच्या खोपटात आहे. पेटीपासून विहिरीपर्यंत धुऱ्याधुऱ्याने केबल गेली आहे. खोपटाच्या बाजूलाच पाण्याच्या पाईपाचा वॉल आहे. तो फिरवला की पाणी बंद होते.

मागच्या थंडीत आम्ही हरभऱ्याला पाणी देत होतो. त्या दिवशी रविवार होता म्हणून मीही गेले होते. बाबा दांडावर होते आणि मी खोपटाजवळ होते. बाबांना दिसले की केबल एका जागी उंदराने कुरतडली आहे आणि आतली तांब्याची तार उघडी पडली आहे. ती ओल्या मातीत टेकली असती तर? म्हणून त्यांनी तिला चिकटपट्टी गुंडाळायचे ठरवले. त्यांनी मला लांबूनच हाक मारली, “बाई, लाईन बंद कर गं!”

मी लगेच पळाले आणि वॉल फिरवून बंद केला. कारण आदल्याच दिवशी आजी मला म्हणाली होती, “पाईपाची लाईन बंद कर, हौद भरला.” मला वाटले, ही तीच लाईन.

दांडातले पाणी थांबले. बाबांनी ते बघितले. त्यांना वाटले, पाणी थांबले म्हणजे मोटार बंद झाली, म्हणजे करंट बंद झाला. पण पेटीचा खटका तर वरच होता! केबलीत करंट तसाच होता.

बाबा खाली बसले. चिकटपट्टीचा तुकडा त्यांनी दाताने तोडला. मग काय मनात आले कोण जाणे, त्यांनी खिशातला टेस्टर काढला आणि तारेला लावला. टेस्टरमधला दिवा लागला.

बाबा तसेच मागे सरकले. मला वाटले, आता मला मार बसणार. पण त्यांनी मारले नाही. ते थोडा वेळ धुऱ्यावर नुसते बसून राहिले. मग म्हणाले, “तुझी चुकी नाही. कोणती लाईन ते मी सांगितलंच नाही.”

त्या रात्री मला झोप आली नाही. एक शब्द होता. बाबांनी एक अर्थ बोलला आणि मी दुसरा ऐकला.

वहीतली यादी

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले, “आठ दिवस एक काम कर. कोणी लाईन म्हटलं की वहीत लिहून ठेव. कोण म्हणालं आणि त्याचा अर्थ काय, दोन्ही लिही.” मी तसे केले. ऐका तर मग.

आजी म्हणाली, “लाईन गेली, कंदील लाव.” म्हणजे वीज गेली. आपल्याकडे विजेला लाईनच म्हणतात. खांबावर चढून ती दुरुस्त करतात ते लाईनमन काका.

ग्रामपंचायतीचे काका म्हणाले, “नवी लाईन टाकली, आता वरच्या आळीला पाणी चढेल.” म्हणजे नळाची पाईपलाईन.

गुरुजी प्रार्थनेला म्हणाले, “लाईनीत उभे राहा.” म्हणजे रांग. आणि वर्गात म्हणाले, “दोन लाईनी सोडून लिहा.” म्हणजे वहीतल्या ओळी.

काका मोबाईलवर म्हणाले, “लाईन लागत नाही.” म्हणजे फोन जोडला जात नाही. मजा अशी की मोबाईलला तार नाही, तरी लाईन आहे! ग्रॅहम बेल यांनी १८७६ साली टेलिफोन केला. तेव्हापासून कितीतरी वर्षे दोन माणसांच्या मध्ये खरीच तार असायची. फोनची तार गेली, पण शब्द राहिला. तसेच ‘ऑनलाईन’. बाबा सातबारा काढायला जातात तर तिथले दादा म्हणतात, “ऑनलाईन निघतो.” ऑनलाईन म्हणजे लाईनीला जोडलेले. २०२० साली कोरोनामुळे शाळा बंद होत्या तेव्हा माझ्या ताईचा अभ्यास ऑनलाईन होता. एकच मोबाईल होता आणि तो बाबांबरोबर वावरात जायचा. त्यामुळे ताईची शाळा कधी भरायची, कधी भरायची नाही.

मामा म्हणाले, “आम्ही हार्बर लाईनला राहतो.” म्हणजे मुंबईच्या लोकलचा एक मार्ग. आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी धावली. ते अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. गाडीला १४ डबे होते आणि ती ओढायला तीन इंजिने होती. रुळांच्या त्या वाटेलाही लाईनच म्हणतात.

नागपूरला ‘सिव्हिल लाईन्स’ नावाचा भाग आहे. पुष्कळ गावांत ‘पोलीस लाईन’ असते. इंग्रजांच्या काळात शिपायांची आणि साहेबांची घरे ओळीने बांधत, म्हणून त्या वस्तीलाच लाईन नाव पडले.

मैदानावर दादा लोक कबड्डी खेळतात. तिथे तर लाईनीवरून रोज भांडण. मधली लाईन म्हणजे मध्यरेषा. पुढची निदानरेषा. चढाई करणारा कोणाला न शिवता आणि निदानरेषा न ओलांडता परत आला तर तो बाद. त्याच्याही पुढे बोनस लाईन. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच तिचा गुण मिळतो. क्रिकेटमध्ये चेंडू कोणत्या सरळीत टाकला त्याला लाईन म्हणतात आणि टप्पा किती लांब पडला त्याला लेंग्थ.

शिलाई मशीनवाल्या काकू आईला म्हणाल्या, “लायनिंग लावू का?” लायनिंग म्हणजे अस्तर. हा शब्द मी यादीत घेऊ की नको असे मला वाटले. पण गुरुजी म्हणाले, “घे. तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. का ते पुढे कळेल.”

आणखी एक अर्थ सातवीच्या मुलांनी मला सांगितला आणि ती फिदीफिदी हसली. तो अर्थ लिहायचा नाही असे गुरुजींनी सांगितले, म्हणून लिहिला नाही.

न दिसणाऱ्या लाईनी

काही लाईनी डोळ्यांना दिसत नाहीत. रेशनच्या दुकानात एक आजोबा म्हणाले, “आम्ही बीपीएलवाले.” बीपीएलमधल्या शेवटच्या अक्षराचा अर्थ लाईनच. मराठीत दारिद्र्यरेषेखालील. आमच्या आजीने विचारले, “ही रेघ कोणत्या गावात मारली आहे गं?” ती गावात मारलेली नाही आजी, ती कागदावर आहे. माणसाला जगायला कमीत कमी किती पैसे लागतात ते ठरवतात आणि तिथे रेघ ओढतात. रेघेच्या खाली कोण आणि वर कोण, यावर रेशनकार्डाचा रंग ठरायचा. खालच्यांचे पिवळे असायचे.

दोन देशांच्या मध्ये पण लाईन असते. १९४७ साली आपल्या देशाची फाळणी झाली. तेव्हा पंजाब आणि बंगाल कसे वाटायचे हे ठरवायला रॅडक्लिफ नावाचे इंग्रज वकील आले. त्यांना पाचच आठवडे मिळाले. त्यांनी नकाशावर लाईन ओढली आणि ती १७ ऑगस्ट १९४७ रोजी जाहीर झाली. म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाले होते आणि आपले गाव कोणत्या देशात आहे हे काही लोकांना तेव्हा कळले. लाखो लोकांना घरदार सोडून जावे लागले. तिला रॅडक्लिफ लाईन म्हणतात. काश्मीरमधली नियंत्रणरेषा वेगळी आहे. तिला ते नाव १९७२ सालच्या सिमला करारानंतर मिळाले. तिथे आपले जवान बर्फातही उभे असतात.

अर्ज भरायच्या शेवटच्या तारखेला ‘डेडलाईन’ म्हणतात. या शब्दाचा पहिला अर्थ ऐकून मी घाबरले. १८६४ साली अमेरिकेत आपसात युद्ध चालू होते. अँडरसनव्हिल येथे कैद्यांची छावणी होती. कुंपणाच्या आत थोड्या अंतरावर एक हद्द आखलेली होती. ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालत. तीच डेडलाईन. आता ती ओलांडली तर फक्त अर्ज परत येतो.

आणि एक लाईन सर्व मुलांनी पाठ करावी. ती आहे १०९८. ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे. कोणी मूल हरवले, कोणी त्याला त्रास दिला किंवा कोणी त्याचे लहानपणी लग्न लावत असेल, तर या क्रमांकावर फोन करायचा. पैसे पडत नाहीत.

सगळ्या लाईनींचे मूळ

यादी झाली. मग मी गुरुजींना विचारले, “एका शब्दाला एवढे अर्थ कसे? इंग्रज लोकांना दुसरे शब्द सुचले नाहीत का?”

गुरुजींनी कपाटातला जाड शब्दकोश काढला. मग त्यांनी मलाच एक प्रश्न विचारला, “तुमच्या वावरात जवस पेरता का?”

मी म्हटले, “हो गुरुजी, हरभऱ्याच्या कडेने दोन तास असतात.”

गुरुजी म्हणाले, “मग लाईन तुमच्याच वावरात उगवते!”

मला आधी वाटले, गुरुजी गंमत करतात. पण ते खरे आहे. युरोपात पूर्वी लॅटिन नावाची भाषा होती. त्या भाषेत जवसाला ‘लिनम’ म्हणतात. आपण जवसाचे बी खातो, चटणी करतो, तेल काढतो. पण जवसाची एक उंच जात असते. तिच्या काड्या पाण्यात कुजवतात, वाळवतात, कुटतात आणि विंचरतात. मग त्यातून लांब, मऊ आणि बळकट धागा निघतो. आपल्या अंबाडीसारखेच. त्या धाग्याच्या कापडाला ‘लिनन’ म्हणतात. इजिप्त देशात हजारो वर्षांपूर्वी राजाचे प्रेत याच कापडात गुंडाळत असत.

जवसाच्या या धाग्याच्या दोरीला लॅटिनमध्ये ‘लिनिआ’ म्हणत. लिनिआचे झाले लाईन! म्हणजे लाईनचा पहिला अर्थ करंट नाही, रांग नाही, रेघ पण नाही. पहिला अर्थ आहे दोरी.

आता बघा, सगळे अर्थ कसे सुटतात. दोरी ताणली की सरळ होते, म्हणून सरळ रेघ ती लाईन. दोरी धरून माणसे एकामागे एक उभी केली की रांग झाली. अक्षरे दोरीवर वाळत घातल्यासारखी लिहिली की ओळ झाली. दोरीसारखी लांब तार, लांब पाईप, लांब रूळ, त्या सगळ्या लाईनी. दोरी बांधून जागा वाटली की हद्द झाली. आणि कोट-झग्यांना आतून लिननचे कापड लावत म्हणून अस्तर म्हणजे लायनिंग. शिलाईवाल्या काकूंचा शब्द दोरीच्या सगळ्यांत जवळचा निघाला.

जवसाला शास्त्रज्ञांनी जे लांब नाव दिले आहे त्याचा दुसरा भाग ‘युसिटॅटिसिमम’ असा आहे. बोलताना माझी जीभ अडखळते. त्याचा अर्थ ‘अतिशय उपयोगी’. १७५३ साली लिनिअस नावाच्या शास्त्रज्ञाने आपल्या पुस्तकात हे नाव दिले.

आपल्या भाषेतली दोरी

मी गुरुजींना म्हटले, “इंग्रजांची भाषा दोरीवर चालते, मग आपली?” गुरुजी म्हणाले, “आपलीही चालते. सुतारकाकांना सुतार का म्हणतात?”

सुतार म्हणजे ‘सूत्रधार’. सूत्र म्हणजे धागा, सूत. सूत धरणारा तो सूत्रधार. सुतारकाका लाकूड कापायच्या आधी रंगात बुडवलेले सूत ताणून धरतात आणि मधोमध उचलून सोडतात. टप्प! लाकडावर सरळ रेघ उमटते. ही खरीखुरी लाईन, धाग्यापासून झालेली. मी त्यांच्याकडे जाऊन बघून आले. ते मापही सुतातच सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. गवंडीकाका भिंत सरळ आहे का ते बघायला ओळंबा सोडतात, त्यालाही दोरीच असते. आणि वेडेवाकडे वागणारा माणूस सुधारला की आजी म्हणते, “आला बाई सुतासारखा सरळ.” त्यालाच काका म्हणतात, “आला लाईनीवर.” दोघांचे म्हणणे एकच!

पण आपल्या भाषेत एक सोय आहे. माणसांची ती रांग. अक्षरांची ती ओळ. पाटीवरची ती रेघ. भूमितीतली ती रेषा. विजेची ती तार. पेरणीचे ते तास. घरांची ती आळी. प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. ‘रांग बंद कर’ आणि ‘तार बंद कर’ यात कोणाचा घोटाळा होणार नाही. आपण सगळ्यांना लाईन म्हणू लागलो म्हणून घोटाळा झाला.

मी असे म्हणत नाही की लाईन शब्द बोलूच नका. तो आता आपलाच झाला आहे. लाईनमन काकांना मी दुसरे काय म्हणू? इंग्रज लोकही लाईन म्हणताना पुष्कळदा पुढेमागे दुसरा शब्द लावतातच. रेल्वे लाईन, पाईपलाईन, हेल्पलाईन. आपणच घाईत अर्धा शब्द गिळतो.

आमच्या घरचा नियम

आता आमच्या घरी विजेच्या कामाला नुसते लाईन म्हणायचे नाही असे ठरले आहे. पाणी बंद करायचे असेल तर “वॉल फिरव” म्हणायचे. वीज बंद करायची असेल तर “पेटीचा खटका पाड” म्हणायचे. ऐकणाऱ्याने उलट सांगायचे, “पेटीचा खटका पाडला.” तोपर्यंत कोणीही केबलीला हात लावायचा नाही.

बाबांनी स्वतःसाठी आणखी एक नियम केला आहे. खटका पाडल्यावर ते पेटीतले फ्यूज काढून खिशात ठेवतात. म्हणजे मधे कोणी येऊन चुकून खटका वर केला तरी करंट येणार नाही. मग टेस्टर लावून बघतात. पायात कोरडी चप्पल असते. टेस्टरचा दिवा लागला नाही तरी ते नुसत्या टेस्टरवर विश्वास ठेवत नाहीत, कारण टेस्टर बिघडलेलाही असू शकतो. खांबावरचे काम तर लाईनमन काकांनीच करायचे. तिथे आपण हात घालायचा नाही.

आणि मुलांनो, कोणाला करंट लागलेला दिसला तर त्याला हाताने ओढू नका. ओढणाराही चिकटतो. आधी खटका पाडा आणि मोठ्यांना हाक मारा.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुम्ही आम्हाला घाईत काम सांगता आणि आम्ही पळत जाऊन ते करतो. आम्हाला शाबासकी पाहिजे असते म्हणून आम्ही परत विचारत नाही. तर आम्हाला पूर्ण शब्द सांगा. आणि आम्ही “कोणती लाईन?” असे विचारले तर “एवढंही कळत नाही का” म्हणून रागावू नका. त्या दिवशी मी विचारले असते तर बाबांना टेस्टर काढायची वेळ आली नसती. आणि त्यांनी टेस्टर काढला नसता तर काय झाले असते, ते मला लिहवत नाही.

मुलांनो, तुम्हीही आपल्या घरी किती लाईनी आहेत ते मोजा आणि मला सांगा. माझ्या यादीत सुटलेली लाईन जो सांगेल त्याला मी जवसाची निळी फुले दाखवायला वावरात नेईन. ती सकाळीच उमलतात आणि दुपारी गळून जातात, म्हणून लवकर यावे लागेल.

एवढे बोलून मी माझा लेख संपवते. काही चुकले असेल तर क्षमा करावी.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी